विभाज्य, सामाईक विभाज्य आणि लसावि : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी-सहावीची मुलं, त्यांचे आईबाबा आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोपी आहे, अपवाद पुढे येतात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विभाज्य म्हणजे नेमकं काय? पाढा म्हणजेच विभाज्य का?

जवळजवळ तेच. फरक एवढाच की पाढा दहावर थांबतो आणि विभाज्य संख्या कधीच संपत नाहीत. ४ ला १, २, ३, ४ अशा संख्यांनी ओळीने गुणत गेलं की येणाऱ्या ४, ८, १२, १६ या ४ च्या विभाज्य संख्या. ४० नंतर ४४ येते, ४८ येते, आणि ४०४ सुद्धा याच रांगेत आहे. ओळखायची खूण : ४ ने भागलं की बाकी शून्य.

मराठी पाढ्यात कितवी पट ते शब्दातच सांगितलेलं असतं. दुणे म्हणजे दोन पट, त्रिक तीन, चोक चार, पंचे पाच, सक सहा. ‘सात चोक अठ्ठावीस’ म्हणणारं मूल ‘२८ ही ७ ची चौथी विभाज्य संख्या’ हेच सांगत असतं. म्हणून पाढा घोकून झाला की मधूनच विचारा : अठ्ठावीस सातच्या पाढ्यात कितव्या जागी? असं उलटं विचारल्यावर उत्तर आलं, तर पाढा कळला आहे.

२. मुलीच्या शाळेत मल्टिपल, फॅक्टर, एलसीएम, एचसीएफ म्हणतात. आम्ही मराठी माध्यमातले. कोणतं कशाला म्हणतात?

मुंबईतल्या बऱ्याच घरांत हीच अडचण असते. मल्टिपल म्हणजे विभाज्य, फॅक्टर म्हणजे विभाजक, प्राइम नंबर म्हणजे मूळ संख्या, को-प्राइम म्हणजे सहमूळ. एलसीएम म्हणजे लसावि, लघुतम सामाईक विभाज्य. एचसीएफ म्हणजे मसावि, महत्तम सामाईक विभाजक.

‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ हे शब्द मात्र फसवतात. लघुतम म्हटल्यावर मुलाला वाटतं, उत्तर लहान येणार. प्रत्यक्षात लसावि दिलेल्या सर्वांत मोठ्या संख्येएवढा किंवा तिच्याहून मोठा असतो, आणि मसावि सर्वांत लहान संख्येएवढा किंवा तिच्याहून लहान. ८ आणि १२ चा लसावि २४, मसावि ४. उत्तर लिहिल्यावर एवढं जरी तपासलं तरी अदलाबदलीची चूक लगेच सापडते.

३. विभाज्य आणि विभाजक यांत माझा नेहमी घोळ होतो. लक्षात कसं ठेवू?

विभाजक भाग पाडतो, विभाज्य संख्येचे भाग पडतात. लोकलचं उदाहरण घ्या. गाड्या १२ डब्यांच्या असतात, १५ डब्यांच्याही असतात. तीन-तीन डब्यांचे गट केले तर दोन्ही गाड्या पूर्ण वाटल्या जातात, म्हणजे ३ हा १२ आणि १५ चा सामाईक विभाजक. आता फक्त १२ डब्यांच्या गाड्या एकामागे एक लावल्या आणि शेजारच्या रुळावर फक्त १५ डब्यांच्या, तर दोन्ही रांगांची लांबी पहिल्यांदा ६० डब्यांवर सारखी होईल : इकडे पाच गाड्या, तिकडे चार. ६० ही सामाईक विभाज्य संख्या. तोडताना विभाजक, जोडत जाताना विभाज्य.

विभाजक मोजकेच असतात. १२ चे १, २, ३, ४, ६, १२ एवढेच सहा. विभाज्य संख्या मात्र अगणित.

४. शून्य ही विभाज्य संख्या आहे का? मग प्रत्येक लसावि शून्यच का नाही?

आहे. ४ × ० = ०, म्हणजे शून्य प्रत्येक संख्येची विभाज्य आहे. पण ती सगळ्यांचीच असल्यामुळे तिच्यातून काही कळत नाही. म्हणून लसावि म्हणजे शून्य सोडून सर्वांत लहान सामाईक विभाज्य, असं ठरलेलं आहे. शाळेत यादी करताना पहिली विभाज्य संख्या म्हणून ती संख्या स्वतःच लिहायची : ७ साठी ७ पासून सुरुवात. ‘७ ही ७ ची विभाज्य आहे का?’ याचंही उत्तर यातच आलं. आहे.

५. पाढे न म्हणता, मोठी संख्या कशाची विभाज्य आहे हे कसं ओळखायचं?

विभाज्यतेच्या कसोट्यांनी. त्या पाठ करण्याआधी त्यांचं कारण समजून घेतलं तर त्या विसरत नाहीत.

२, ५, १० साठी एककाचा अंक पाहा, कारण दशक हे तिन्हींनी निःशेष भागलेच जातात. ४ साठी शेवटचे दोन अंक, कारण १०० ही ४ ची विभाज्य. म्हणून ७३१६ मध्ये फक्त १६ पाहायचे. ८ साठी शेवटचे तीन अंक, कारण १००० ही ८ ची विभाज्य.

३ आणि ९ साठी अंकांची बेरीज. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १. त्यामुळे ४७१ मधल्या चार शतकांतून ४ × ९९ बाजूला काढले की ४ उरतात, सात दशकांतून ७ × ९ काढले की ७ उरतात, एकक १ आहेच. ४ + ७ + १ = १२. ही संख्या ३ ने भागली जाते, ९ ने नाही. ४७१ चंही तसंच.

७ साठी : एककाच्या अंकाची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. ३४३ मध्ये ३४ − ६ = २८, आणि २८ सातच्या पाढ्यात आहे. ही कसोटी तीन अंकी संख्येला बरी पडते; त्यापुढे सरळ भागाकारच लवकर होतो.

६. २ ने आणि ३ ने भाग गेला तर ६ ने जातो. मग २ ने आणि ६ ने गेला तर १२ ने जातो का?

नाही. १८ घ्या : २ ने भागतो, ६ ने भागतो, १२ ने नाही. ६ च्या आत २ आधीच आहे, त्यामुळे ‘२ ने भाग जातो’ यातून नवीन काहीच कळलं नाही. दोन कसोट्या जोडायच्या तर त्या दोन संख्या सहमूळ हव्यात, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नको. १२ साठी ३ आणि ४ तपासा, १५ साठी ३ आणि ५, १८ साठी २ आणि ९. समान भाग दोनदा मोजू नये, ही एकच गोष्ट पुढच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी आहे.

७. सामाईक विभाज्य कशा काढायच्या?

दोन पाढे शेजारी लिहा. ४ चा : ४, ८, १२, १६, २०, २४, २८, ३२, ३६. सहाचा : ६, १२, १८, २४, ३०, ३६. दोन्हींत आलेल्या संख्यांभोवती गोल करा : १२, २४, ३६. आता गोलांमधलं अंतर पाहा. प्रत्येक वेळी १२. म्हणजे पहिला गोल सापडला की पुढची यादी करायची गरज नाही, १२ चा पाढा म्हणत जा. लसाविची प्रत्येक विभाज्य संख्या सामाईक असते आणि लसाविच्या रांगेबाहेर एकही सामाईक विभाज्य नसते.

वेळ वाचवायचा असेल तर मोठ्या संख्येचा पाढा म्हणा आणि प्रत्येक पायरीला लहान संख्येने भाग जातो का ते पाहा. ८ आणि १२ साठी : बारा, नाही, चोवीस, हो. दोन पायऱ्यांत संपलं. लहान संख्या असतील तर यापेक्षा चांगली रीत नाही.

८. दोन्ही संख्यांचा गुणाकार केला की झालं, नाही का?

गुणाकार सामाईक विभाज्य असतोच, पण लघुतम असेलच असं नाही. ४ × ६ = २४, लसावि १२. का ते अवयव मांडून दिसतं. ४ = २ × २, ६ = २ × ३. गुणाकारात २ तीनदा येतो. पण २ × २ × ३ एवढ्यातच ४ सुद्धा मावतो आणि ६ सुद्धा. सामाईक २ एकदाच लागतो. गुणाकार तो दोनदा मोजतो.

संख्या सहमूळ असतील तेव्हाच गुणाकार हाच लसावि : ४ आणि ९ चा ३६, ७ आणि ८ चा ५६. त्या मूळ संख्या असायला हव्यात असं नाही. ८ आणि ९ दोन्ही संयुक्त, तरी सहमूळ. आणि एक संख्या दुसरीची विभाज्य असेल तर मोठी संख्याच लसावि : ५ आणि २० चा २०.

९. उभ्या मांडणीत तीन संख्यांचा लसावि हमखास चुकतो. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा थांबण्याच्या जागी. १२, १५, २० घ्या. तिघांनाही भागणारी संख्या (१ सोडून) नाही, म्हणून काही मुलं तिथेच थांबतात आणि तिन्हींचा गुणाकार ३६०० लिहून मोकळी होतात. तिघांना भाग जायलाच हवा, ही अट मसाविची. लसाविसाठी दोघांना भाग गेला तरी पुढे जायचं, आणि ज्या संख्येला भाग जात नाही ती जशीच्या तशी खाली उतरवायची.

२ ने भागा : ६, १५, १०. पुन्हा २ ने : ३, १५, ५. इथे १५ दोन्ही वेळा तशीच खाली आली. ३ ने : १, ५, ५. ५ ने : १, १, १. डावीकडच्या संख्या गुणा : २ × २ × ३ × ५ = ६०. पडताळा : ६० ला १२, १५, २० तिन्हींनी भाग जातो.

दुसरी चूक म्हणजे घाईत ४ किंवा ६ अशा संयुक्त संख्येने भागणं. ४, ६, ९ या संख्यांना ६ ने भागायला गेलात तर ६ चा १ होतो, ४ आणि ९ तशाच राहतात, आणि ६ × ४ × ९ = २१६ येतात. खरा लसावि ३६. मूळ संख्येनेच भागत गेलं की हा धोका राहत नाही.

१०. लसावि × मसावि = दोन संख्यांचा गुणाकार. हे तीन संख्यांना चालतं का?

दोन संख्यांना नेहमी चालतं. २४ आणि ३६ : मसावि १२, लसावि ७२, आणि १२ × ७२ = ८६४ = २४ × ३६. तीन संख्यांना नाही. ६, १०, १५ यांचा मसावि १, लसावि ३०, पण गुणाकार ९००. तीन संख्या असतील तर आधी दोघींचा लसावि काढा, मग त्याचा आणि तिसरीचा. क्रम कोणताही चालतो.

११. शाब्दिक उदाहरणात लसावि काढायचा की मसावि, हे कसं ठरवू?

‘कमीत कमी’ दिसलं की लसावि, ‘जास्तीत जास्त’ दिसलं की मसावि, ही युक्ती क्लासमध्ये सर्रास सांगतात. ती विश्वासाची नाही. ‘तीन अंकी मोठ्यात मोठी संख्या जिला १२, १५ आणि १८ ने भाग जातो’ यात ‘मोठ्यात मोठी’ आहे, तरी लसाविच लागतो : लसावि १८०, उत्तर ९००. चार अंकी लहानात लहान विचारली तर १०८०.

त्याऐवजी स्वतःला विचारा : उत्तर दिलेल्या संख्यांहून मोठं येणार की लहान? १२ × १८ इंचांच्या लाद्या न कापता लहानात लहान चौरस भरायचा, तर चौरस लादीहून मोठाच होणार. लसावि ३६, म्हणजे ३६ × ३६ इंच, लाद्या ६. पण १२ × १८ इंचांचा कागद वाया न घालवता सारख्या मोठ्यात मोठ्या चौरसांत कापायचा, तर तुकडा लहान होणार. मसावि ६, तुकडेही ६.

१२. अंड्याचा ट्रे ३० चा, पाव लादीने मिळतात. काहीच उरू नये असा हिशोब कसा करायचा?

लादीत किती पाव ते बेकरीगणिक बदलतं. इथे ८ धरू. एका अंडापावाला एक अंडं, एक पाव. ३० आणि ८ चा लसावि १२०. म्हणजे ४ ट्रे, १५ लाद्या, १२० अंडापाव.

आता प्रत्येकात दोन अंडी घालायची ठरली तर? इथे अनेक जण १२० लाच निम्मं करतात आणि चुकतात. आधी ट्रे किती अंडापावांना पुरतो ते काढा : १५. मग १५ आणि ८ चा लसावि, १२०. अंडापाव तेवढेच, लाद्या १५, पण ट्रे ८. लसावि नेहमी एकाच मापात काढायचा. अंडी आणि पाव वेगळी मापं आहेत, ‘अंडापाव’ हे सामाईक माप.

१३. घंटांच्या उदाहरणात उत्तर एकने का चुकतं?

तीन घंटा ६, ८ आणि १२ सेकंदांनी वाजतात, आत्ता एकत्र वाजल्या, तर पुढच्या २ मिनिटांत किती वेळा एकत्र वाजतील? लसावि २४, १२० ÷ २४ = ५. सुरुवातीचा ठोका धरला तर ६. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून प्रश्न नीट वाचा : ‘पुन्हा’ किंवा ‘यानंतर’ असेल तर ५, ‘सुरुवात धरून’ असेल तर ६. कुंपणाचे खांब मोजताना हाच एक जास्तीचा खांब लागतो.

१४. दोन गाड्या एकाच वेळी सुटल्या नाहीत तर? तेव्हाही लसावि चालतो का?

हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. एका स्टॉपवर एक बस दर १२ मिनिटांनी आणि दुसरी दर १८ मिनिटांनी येते, दोन्ही ७:०० ला एकत्र आल्या. लसावि ३६, म्हणून पुढच्या भेटी ७:३६, ८:१२, ८:४८. इथवर सोपं.

आता पहिली लोकल ८:०२ ला आणि नंतर दर ४ मिनिटांनी, दुसऱ्या मार्गावरची ८:०४ ला आणि नंतर दर ६ मिनिटांनी, असं धरू. लसावि १२, म्हणून ८:१४ म्हणावं का? लिहून पाहा. पहिली : ०२, ०६, १०, १४. दुसरी : ०४, १०, १६. पहिली भेट ८:१० ला. त्यानंतर मात्र दर १२ मिनिटांनी : ८:२२, ८:३४. लसावि दोन भेटींमधलं अंतर सांगतो. पहिली भेट कधी, ते सुरुवातीवर अवलंबून.

आणि पहिली लोकल ८:०३ ला सुटली तर? ०३, ०७, ११, १५ : मिनिटं कायम विषम. दुसरीची कायम सम. या गाड्या कधीच एकत्र येणार नाहीत. नियम असा : सुरुवातींमधलं अंतर मसाविची विभाज्य असेल तरच भेट होते. ४ आणि ६ चा मसावि २. अंतर २ मिनिटं असेल तर भेट, १ मिनिट असेल तर नाही.

१५. ‘४, ५, ६ ने भागल्यास प्रत्येक वेळी बाकी ३ उरते’ अशी उदाहरणं कशी सोडवायची?

बाकी सारखी असेल तर लसाविमध्ये मिळवा : ६० + ३ = ६३. काटेकोर पाहिलं तर ३ ही संख्यासुद्धा अट पाळते, कारण ३ ला ४ ने भागल्यावर भागाकार ० आणि बाकी ३. म्हणूनच नीट लिहिलेल्या प्रश्नात ‘दोन अंकी’ असं म्हटलेलं असतं.

बाकी वेगवेगळी असेल तर भाजक आणि बाकीतला फरक पाहा. ४, ५, ६ ने भागून बाकी अनुक्रमे ३, ४, ५ उरत असेल, तर प्रत्येक ठिकाणी एकच कमी पडतो आहे : ६० − १ = ५९.

याहून कठीण प्रकार : २, ३, ४, ५, ६ ने भागल्यास बाकी १, पण ७ ने निःशेष भाग. लसावि ६०, म्हणून ६१, १२१, १८१, २४१, ३०१ असं पुढे जात ७ ने तपासत राहा. ३०१ = ७ × ४३. इथे थांबा.

१६. १ ते १०० मध्ये ७ च्या विभाज्य संख्या किती? आणि २१० ते ५०० मध्ये?

१०० ÷ ७ चा भागाकार १४, म्हणून १४. दुसऱ्यात ५०० पर्यंतच्या ७१ मधून २१० च्या *आधीच्या* वजा करायच्या, म्हणजे २०९ पर्यंतच्या २९. उत्तर ४२. २१० ÷ ७ = ३० वजा केलेत तर २१० स्वतःच गळते आणि ४१ येतात.

‘१०० पर्यंत ४ किंवा ६ च्या विभाज्य संख्या किती’ असं विचारलं तर २५ + १६ = ४१ नाही. १२, २४ अशा आठ संख्या दोन्हींकडे मोजल्या गेल्या आहेत, त्या एकदा वजा करा : ३३.

१७. अपूर्णांकांच्या बेरजेत लसावि लागतोच का?

लागतोच असं नाही, पण काम हलकं होतं. ५/१२ + ७/१८ मध्ये छेदांचा लसावि ३६ : १५/३६ + १४/३६ = २९/३६. छेद नुसते गुणले तर २१६ येतात, ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६, आणि मग ६ ने संक्षेप करून पुन्हा २९/३६ च. ६ म्हणजे १२ आणि १८ चा मसावि : दोनदा मोजलेला भाग शेवटी काढून टाकावा लागला (प्रश्न ८).

१८. दीड तास आणि दोन तास अशा वेळांचा लसावि निघतो का?

निघतो. मिनिटं करा : ९० आणि १२०, लसावि ३६० मिनिटं, म्हणजे ६ तास. पैसे, किलो, मीटर यांनाही हीच रीत, लहान एककात नेऊन पूर्ण संख्या करायच्या. दिढकी-अडीचकी पाठ असलेल्या घरात आजी-आजोबा हे तोंडी सांगतील : दिढाची चौपट सहा, दोनाची तिप्पट सहा.

१९. लीप वर्ष म्हणजे ४ ची विभाज्य, मग १९०० लीप का नव्हतं?

कारण नियमात तीन पायऱ्या आहेत. ४ ची विभाज्य असेल तर लीप. पण १०० ची विभाज्य असेल तर नाही. पण ४०० ची असेल तर पुन्हा लीप. त्यामुळे २००० लीप होतं, १९०० नव्हतं, २१०० नसेल. ४०० वर्षांत १०० − ४ + १ = ९७ लीप वर्षं येतात.

२०. पंचांगातली ६० संवत्सरं आणि लसावि यांचा संबंध आहे का?

आहे, आणि मुलांना दाखवण्यासारखा आहे. गुरू साधारण १२ वर्षांत राशिचक्र पूर्ण करतो. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं असतो, म्हणून बारा राशींना ३० वर्षं. साडेसाती म्हणजे त्यातल्या तीन राशी. १२ आणि ३० चा लसावि ६०, आणि प्रभव ते क्षय संवत्सरंही ६०. ग्रहांचे नेमके काळ मात्र ११.८६ आणि २९.४६ वर्षं आहेत, म्हणून ६० वर्षांनी दोघं जवळपास त्याच जागी येतात, अगदी तिथेच नाही.